आधी जिन्याचा ग्रुप करा

तुमचा प्रश्न असा आहे: घोडबंदर रोडवरच्या तुमच्या कॉम्प्लेक्सचा ७०० जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दिवसभर मेसेज पडत असतात, पण लिफ्टमध्ये कुणी कुणाला ओळखत नाही. अशा ग्रुपमुळे शेजार खरंच जुळतो का?

जुळतो, पण ७०० जणांच्या ग्रुपमध्ये नाही. माझ्या अनुभवावरून सांगते.

मी नेरूळला राहते. आमच्या सोसायटीत चार विंग, मिळून दोनेकशे घरं. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार तुम्हालाही आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली होती. आमच्या विंगमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकू कोविडमधून नुकत्याच घरी आल्या होत्या आणि त्यांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालणारा. त्यांच्या सुनेनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'कुणाकडे इन्व्हर्टर आहे का? तातडीनं हवाय.' नेमक्या त्याच वेळी सगळे जण 'तुमच्याकडे लाइट आहे का', 'कधी येणार' असं विचारत होते. त्या गर्दीत तिचा मेसेज कुठल्या कुठे गेला. मी तो वाचला तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती.

पण लॉकडाउनमध्ये एकत्र भाजी मागवायला आम्ही विंगमधल्या बायकांनी एक छोटा ग्रुप केला होता, पंचवीस-सव्वीस जणींचा. तिनं तोच मेसेज तिथे टाकला आणि दोन मिनिटांत चौथ्या मजल्यावरच्या वहिनी वर धावल्या. त्यांच्या इन्व्हर्टरवरून एक्स्टेन्शनची वायर जिन्यातून वर नेली आणि मशीन सुरू झालं.

मोठ्या ग्रुपवरची माणसं काही निर्दय नव्हती. शेकडो जणांत प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी बघेलच. पंचवीस जणांत मात्र पक्कं ठाऊक असतं की चौथ्या मजल्यावर इन्व्हर्टर माझ्याकडेच आहे.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज पाहिलं नसेल तर एकदा जाऊन या. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ती वसाहत आखली. सात घरांमध्ये एक छोटं अंगण, साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून २१ घरांची एक मोकळी जागा, आणि तसे तीन मिळून त्याहून मोठी. आधी ओळख दाराशी, मग गल्लीत, मग वस्तीत. आपण टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी ती उतरंडच गमावली. दार बंद केलं की थेट ७०० माणसं. फोनवर निदान ती उतरंड परत मांडता येते. एका जिन्याचा किंवा विंगचा ग्रुप वेगळा करा आणि मोठा ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. तिथे ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय असते. २०२२ पासून असे छोटे ग्रुप 'कम्युनिटी'त एकत्र बांधताही येतात.

आमच्याकडून एक मोठी चूक झाली होती, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला 'एका घराचा एकच नंबर' असा नियम होता. तो नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा, आणि तो दिवसभर ऑफिसात. घरी असणारी सून, आजी, कॉलेजात जाणारा मुलगा ग्रुपच्या बाहेर. दुपारी पाण्याची टाकी भरून वाहतेय, हे कळायचं कुर्ल्याला बसलेल्या माणसाला! आता घरातल्या ज्याला यायचंय त्याला घेतो, आणि प्रत्येक जण स्वतःचं नाव लावतो. 'बी-५०२'शी ओळख कशी होणार?

आणि मागायला शिका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ड्रिल मशीन, शिडी, पाहुण्यांसाठी जास्तीची गादी, विरजण. ग्रुपवर विचारायचं, पण वस्तू आणायला स्वतः जायचं, वॉचमनला पाठवायचं नाही. दारात पाच मिनिटं उभं राहिलं की बोलणं होतंच. आमच्याकडे 'तलावावर फ्लेमिंगो उतरलेत' एवढ्या एका मेसेजवर रविवारी सकाळी अकरा जण चालायला निघाले होते. त्यातल्या चौघांशी मी त्याआधी कधीच बोलले नव्हते.

नव्या वस्तीत हे जास्तच लागू पडतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात टोरोंटोजवळच्या एका नव्या वसाहतीचा अभ्यास झाला होता. तिथल्या काही घरांना वेगवान इंटरनेट आणि शेजाऱ्यांना आपसात लिहिता येईल अशी सोय मिळाली होती, काहींना नाही. ज्यांना मिळाली, ते बाकीच्यांच्या तिप्पट शेजाऱ्यांना नावानं ओळखत होते.

पार्किंगचं भांडण सुरू झालं तर ग्रुपवर उत्तर देऊ नका. खाली जाऊन समोरासमोर बोला.

लिफ्टजवळचा फळा मात्र काढू नका. आमच्या विंगमध्ये दोन आजोबांकडे साधे फोन आहेत आणि कामाला येणाऱ्या मावशी ग्रुपवर नाहीत. पाणी कधी येणार नाही, कोण आजारी आहे, कुणाकडे बारसं आहे, हे त्यांनाही कळायला हवं. मी रोज संध्याकाळी खाली उतरताना ग्रुपवरच्या कामाच्या दोन-तीन ओळी खडूनं फळ्यावर लिहिते. आता त्यातल्या एका आजोबांनी खडू स्वतःकडे मागून घेतलाय. मी फोनवरून वाचून दाखवते, ते मोठ्या अक्षरात लिहितात.