घरी घासलेल्या दुर्बिणीच्या आरशाचा पृष्ठभाग कसा तपासावा?

१५० मिलिमीटर व्यासाचा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा (म्हणजे दूरचा प्रकाश जेथे एकवटतो, तेथपर्यंतच्या अंतराचा) आरसा आपण पॉलिश केला असून, महागड्या उपकरणांविना त्याचा आकार कसा तपासावा, असे आपण विचारले आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिओं फुको यांनी १८५८ मध्ये मांडलेली पात्याची चाचणी त्यासाठी पुरेशी आहे.

आरसा उभा करून त्याच्या वक्रतामध्यापाशी (आरशाचा वक्र ज्या गोलाचा भाग आहे त्याच्या केंद्रापाशी), म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट, २४०० मिलिमीटरवर, बारीक फटीमागे एलईडी आणि शेजारी दाढीचे ब्लेड सरकत्या पट्टीवर बसवावे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील एखाद्या वर्कशॉपमधून पट्टीचे सरकणे मोजायला जुना मायक्रोमीटर मिळाल्यास उत्तमच. परतणारा प्रकाश ब्लेडने हळूहळू अडवत आरशाकडे पाहिले असता, गोलीय पृष्ठभाग एकदम सारखा करडा होतो. दुर्बिणीला हव्या असलेल्या पॅराबोलिक (ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणणाऱ्या) पृष्ठभागावर मात्र मेदूवड्यासारखी छाया उमटते.

छाया पाहून थांबू नये, मोजमाप घ्यावे. पुठ्ठ्याला मध्यापासून कडेपर्यंत खिडक्यांच्या जोड्या कापून तो आरशासमोर ठेवावा आणि प्रत्येक जोडीतील दोन्ही खिडक्या एकाच वेळी काळवंडतात ते ब्लेडचे स्थान नोंदवावे. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकत असतील, तर पॅराबोलासाठी मध्य व कडा यांच्या नोंदींत १.१७ मिलिमीटर फरक यायला हवा. दिवा स्थिर असेल, तर २.३४. आपली मांडणी यांपैकी कोणती, हे आधी ठरवले नाही तर सगळे गणित दुपटीने चुकते.

माझे मत विचाराल, तर या मापाच्या आरशात कडा खचलेल्या पॅराबोलापेक्षा नितळ गोल परवडला, कारण येथे पॅराबोला आणि त्याला सर्वांत जवळचा गोल यांच्यातील तफावत जेमतेम ०.०७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते.

खरा शत्रू उष्णता. आरशासमोर तळहात धरून पाहा, त्यावरून चढणारी गरम हवासुद्धा छायेत दिसते! म्हणून पॉलिशनंतर काच रात्रभर निवू द्यावी, पंखा बंद ठेवावा, आणि एप्रिल-मे महिन्यांत गच्चीखालच्या तापलेल्या खोलीऐवजी तळमजल्यावर पहाटे चाचणी घ्यावी. आरसा पाव फेरा फिरवून पुन्हा पाहावे. दोष आरशाबरोबर फिरला तर तो काचेत आहे, जागच्या जागी राहिला तर टेकूत किंवा हवेत.

पावसाळा सरल्यावर ध्रुवताऱ्यावरही पडताळा घ्यावा. नाशिकहून तो क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर असतो आणि फारसा सरकत नाही. ॲल्युमिनियमचा चकचकीत थर न दिलेली काचही सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित करते, तेवढा येथे पुरतो. त्यामुळे हे सर्व तो थर देण्यापूर्वीच उरकावे, अन्यथा दुरुस्तीसाठी तो काढावा लागेल.