सुरुवात लंडनपासून नको, कामिरिथूपासून कर

प्रिय,

लेखाचा ड्राफ्ट वाचला. चांगलाय, पण केनियाच्या लेखक-प्रोफेसर न्गुगी वा थिओंगोची गोष्ट तू १९८२ पासून सुरू केलीयेस, पुस्तकासाठी लंडनला गेला, केनियात परतलं की पकडणार हे कळलं, राहिला तिकडेच. मला वाटतं तिथून सुरुवात केली की तो फक्त बिचारा होतो.

त्यापेक्षा लिमुरूजवळचं कामिरिथू घे, त्याचं गाव. १९७७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी, कामगारांनी स्वतः राबून दोन हजारांवर माणसं बसतील असं उघडं थिएटर उभं केलं, आणि न्गुगीने न्गुगी वा मिरी या सहलेखकाबरोबर गिकुयूत, म्हणजे आपल्या मातृभाषेत, नाटक लिहिलं, 'न्गाहिका न्देंडा', म्हणजे मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन. तालमी सगळ्यांसमोर व्हायच्या, आणि आमच्यात म्हातारा माणूस असं बोलत नाही म्हणून गाववाले प्रोफेसरसाहेबांचे संवाद बदलायला लावायचे! हा भाग तू एका ओळीत उरकलायस, इथे दोन पानं थांब. कारण बघ, त्याच वर्षी त्याची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही कादंबरी आली, इंग्रजीत, त्यातही सत्ताधाऱ्यांना धू धू धुतलंय, पण लायसन्स काढून घेतलं ते नाटकाचं, आणि ३१ डिसेंबरला पोलीस घरी आले. खटला वगैरे काही नाही, सरळ कामिटी जेल, जवळपास वर्षभर. तिथे टॉयलेट पेपरवर त्याने गिकुयूत कादंबरी लिहिली. ते थिएटर नंतर सरकारने पाडलं.

आता तुझा प्रश्न, की इंग्रजी सोडून गिकुयूत लिहायचं ठरवलं, मग त्याने स्वतःच ती कादंबरी इंग्रजीत का आणली, अमेरिकेत का शिकवलं. विसंगती आहेच, झाकू नकोस, त्याची वकिली करायला तुला कोणी बसवलेलं नाही. फक्त क्रम लिही, आधी गिकुयू, मग इंग्रजी. आणि हो, 'मराठीत लिहून कोण वाचणार' हे वाक्य ड्राफ्टमधून काढ, न्गुगीवरच्या लेखात ते फारच विनोदी दिसतंय.

'मातिगारी'चा किस्सा मात्र अजिबात सोडू नकोस. १९८६ ची कादंबरी. मातिगारी नावाचा कोणी माणूस देशभर फिरून सत्य आणि न्याय कुठे मिळेल विचारतोय अशी लोकांत चर्चा सुरू झाली, राष्ट्राध्यक्ष मोईच्या सरकारने त्याला पकडायचा हुकूम काढला, मग कळलं की तो पुस्तकातला आहे. तेव्हा पुस्तकं उचलून नेली.

पुढचा ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव.