दुकानाचे हिशेब क्लाउडवर ठेवावेत का?

प्रश्न : सांगलीत आमचे कृषी सेवा केंद्र आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात दुकानातला संगणक पाण्याखाली गेला, खालच्या ड्रॉवरमधला बॅकअपचा पेनड्राइव्हही गेला आणि उधारीची यादी शेतकऱ्यांना विचारून पुन्हा लिहावी लागली. आता मुलगा हिशेब आणि घरचे फोटो क्लाउडवर ठेवू या म्हणतो. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवण्यासारखे ते मला वाटते. काय करावे?

उत्तर : गोदामाची उपमा आपण नेमकी दिलीत. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, भाड्याने घेतलेले संगणक. मात्र तेथे माहितीच्या प्रती सहसा एकापेक्षा अधिक यंत्रांवर असतात, त्यामुळे कृष्णेला पूर आला तरी उधारीची यादी शाबूत राहते, आणि आपले सीए त्यांच्या कार्यालयात बसून हिशेब पाहू शकतात. आपण क्लाउडवर जावे, असेच माझे मत आहे.

पण गोदामालाही आग लागते. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे एक डेटा सेंटर, म्हणजे असे संगणक ठेवलेली इमारत, जळाले आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. मे 2024 मध्ये तर आगही लागली नव्हती. गूगलकडून झालेल्या चुकीमुळे ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची क्लाउडवरील यंत्रणाच पुसली गेली आणि सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. या निधीने अन्य कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या आणि सावरताना त्यांचा मोठा उपयोग झाला.

आपल्यासारख्या दुकानांत मला याहून अधिक काळजी वाटते ती खाते कोणाच्या नावावर आहे याची. सॉफ्टवेअर बसवून देणारा मुलगा घाईत स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतो, दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला जातो आणि मार्चअखेरीस ओटीपी त्याच्या फोनवर येत राहतो. खाते आपल्याच ईमेलवर आणि क्रमांकावर उघडावे. वर्गणी थकल्यास माहिती किती दिवस ठेवतात आणि कंपनी बदलायची झाल्यास ती एक्सेलमध्ये उतरवून मिळते का, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

फोटोंचे थोडक्यात सांगतो. गूगलची फुकट जागा 15 जीबी असून ती ईमेल आणि फोटो मिळून आहे, आणि दोन वर्षे न वापरलेले खाते कंपनी बंद करू शकते. शिवाय सिंक, म्हणजे मोबाइल आणि क्लाउड आपोआप सारखे ठेवण्याची सोय, चालू असताना मोबाइलमधून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही जाऊ शकतो, म्हणून लग्नाकार्याचे फोटो वेगळे उतरवून ठेवावेत.

हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला हार्ड डिस्कवर घ्यावी. ती डिस्क दुकानात न ठेवता, 2019 मध्ये जेथे पाणी चढले नव्हते अशा नातेवाइकाच्या घरी ठेवावी आणि दर तिमाहीला दुसऱ्या संगणकावर लावून एखाद्या शेतकऱ्याचे उधारीचे खाते उघडते का, ते आपण स्वतः पाहावे.