बाळंतपणाच्या रजेनंतर पगाराचं बोलणं

अगं, रुजू झाल्या दिवशीच विषय काढू नकोस, पण सहा महिने गप्पही बसू नकोस. आधी पगाराची स्लिप काढून बघ: तू रजेवर असताना टीममध्ये एप्रिलची वाढ लागली, ती तुला मिळाली का? राहिलेली वाढ आणि नवी वाढ हे दोन वेगळे विषय आहेत. एकत्र केलेस तर पहिलाच देऊन तुझी बोळवण करतील.

मी तिथेच फसले. 'वर्षभर काम नव्हतं' म्हणून मला शून्य टक्के दिले आणि मी ओशाळून मान हलवली. आठ लाखांवर आठ टक्के म्हणजे वर्षाला ६४ हजार; शिवाय पुढची प्रत्येक वाढ त्या कमी आकड्यावरच मोजली गेली.

'आम्ही तुला सांभाळून घेतलं' हे ऐकावं लागेलच. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. हे मनात ठेव, तोंडावर फेकू नकोस. तोंडी फक्त काम: रजेआधीच्या महिन्यांत काय पूर्ण केलंस, कुणाला शिकवून गेलीस, आता काय अंगावर घेतेस. आणि एकच आकडा सांग, 'बघा काहीतरी' नको.

कोथरूडहून हिंजवडीला जाणारीला घरून कामाचं गाजर हमखास दाखवतात. घे, पण पगाराच्या बदल्यात नाही. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल टाक.