रॅम बसली, वायरी लागल्या. अर्थिंग तपासलंत का?

बारावीचे निकाल लागून ॲडमिशनची धावपळ संपली की घरोघरी नवा पीसी जुळवायला घेतात आणि माझ्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. व्हिडिओ बघून प्रोसेसर बसतो, पंखा बसतो. अडतं ते रॅमपाशी आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरींपाशी. म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय. ज्यांनी "पीसी चालू होत नाही, उपाय सांगा" एवढीच एक ओळ पाठवली आहे, त्यांनी मदरबोर्डचं मॉडेल आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठवावा. त्याशिवाय मी काय, कुणीच काही सांगू शकणार नाही.

प्रश्न : बोर्डवर चार स्लॉट आहेत आणि ८ जीबीच्या दोन रॅम घेतल्यात. दुकानदार म्हणाला, कुठेही लावा. (सांगली)

कुठेही नाही. प्रोसेसरच्या बाजूने मोजत या आणि दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डवर बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ छापलेलं असतं. शेजारीशेजारी लावल्यात तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही रॅम एकाच चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर) जातात आणि दोन घेतल्याचा अर्धा फायदा तिथेच संपतो. पहिला आणि तिसरा का नको, असंही विचारतात. बहुतेक बोर्डांवर सिग्नलची वाट पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यावर जाऊन संपते. तो शेवटचा स्लॉट रिकामा राहिला तर सिग्नल तिथून उलटतो आणि स्पीड वाढवला की पीसी अडखळतो. थोडे बोर्ड अपवाद आहेत, म्हणून मॅन्युअलमधलं रॅमचं पान उघडा. ते फुकट मिळतं आणि कुणी वाचत नाही.

प्रश्न : रॅम आत जातच नाही. किती जोर लावायचा? (नांदेड)

आधी रॅम डीडीआर४ आहे की डीडीआर५ ते बघा. दोन्हींना २८८ पिनाच असतात, पण खालची खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, बसवूही नये. प्रकार जुळत असेल तर खाच आणि स्लॉटमधला उंचवटा समोरासमोर आणा. बऱ्याच बोर्डांवर हल्ली एकाच बाजूची क्लिप उघडते. तशी असेल तर आधी न उघडणाऱ्या बाजूचं टोक खोबणीत घाला. मग दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. क्लिप 'टक्' करून आपली आपण मिटली पाहिजे, बोटाने मिटवायची नाही. नंतर बाजूने वाकून बघा. सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल तर रॅम तिरकी आहे. बोर्ड खाली वाकतोय असं वाटलं तर थांबा आणि जाणकाराच्या हातात द्या.

प्रश्न : रॅम खोडरबरने घासून लावावी का? (परभणी)

नव्या रॅमला अजिबात नको.

प्रश्न : पहिल्यांदा चालू केला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी. दोन मिनिटं वाट बघून बंद करतो, परत तेच. रॅम डीडीआर५ आहे. (ठाणे)

बंद करू नका. बोर्ड रॅमची ओळख करून घेतोय आणि पहिल्या वेळी त्याला काही मिनिटं लागतात. तुम्ही दर वेळी मध्येच तोडता, तो दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो. पंधरा मिनिटांनंतरही काळीच राहिली तर एकच रॅम ए२ मध्ये ठेवून बघा.

प्रश्न : पाकिटावर ३२००, पण सीपीयू-झेडमध्ये १०६६ दिसतं. दुकानदार 'स्पीड अनलॉक' करायचे पैसे मागतोय. (नाशिक)

देऊ नका. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून ते सॉफ्टवेअर निम्मा आकडा दाखवतं. तुमची रॅम २१३३ वर चालली आहे, म्हणजे बोर्डने तिला सुरक्षित स्पीडवर ठेवलंय. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या स्पीडवर नेणारी सेटिंग, चालू करा; एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर बहुधा एक्सपो हे नाव दिसेल. एका मिनिटाचं काम आहे. मात्र पाकिटावरचा स्पीड हा रॅम कंपनीचा शब्द असतो, तुमच्या प्रोसेसरचा नाही. एक्सएमपीनंतर पीसी हँग व्हायला लागला तर ते बंद करा, मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा आणि एक जरी एरर आली तरी वॉरंटीत रॅम बदलून मागा.

प्रश्न : एसएमपीएसची एक वायर हरवली. भावाच्या जुन्या एसएमपीएसची वायर तंतोतंत बसते. चालेल ना? (कोल्हापूर)

नाही. हार्ड डिस्कच्या बाजूचा प्लग सगळीकडे एकसारखा असतो. एसएमपीएसच्या बाजूचा नसतो. तिथे कुठल्या पिनेला १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनेला ५, हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते; एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक निघतो. प्लग बसला म्हणून तुम्ही निश्चिंत होता आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते. डिस्क नवी मिळते, त्यातले फोटो मिळत नाहीत. कंपनीला मॉडेल नंबर कळवून तीच वायर मागवा.

याच्याच जोडीचा गोंधळ ८ पिनांच्या प्लगचा. प्रोसेसरचा प्लग ४ आणि ४ असा सुटतो, ग्राफिक्स कार्डचा ६ आणि २ असा. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू नेमक्या उलट आहेत. आकार वेगळा ठेवलाय तो याचसाठी. तरी दाबून बसवणारे भेटतातच.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो, एसएमपीएस लीक आहे, नवा घ्या. शेजारी म्हणतात, इतका करंट असतोच, पायाखाली रबर टाका. (सोलापूर)

या एका तक्रारीसाठी मी हे सदर कितीही लांबवायला तयार आहे.

एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत एक छोटा कपॅसिटर आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत दुसरा. हा बिघाड नाही, तशीच रचना आहे. त्यातून झिरपणारा बारीकसा करंट अर्थिंगमधून जमिनीत जावा असं गृहीत धरलेलं असतं. अर्थिंग नसलं की पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकतो. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे तुमच्या कॅबिनेटवर ११५च्या आसपास व्होल्ट उभे आहेत. करंट फार थोडा असल्याने फेकून देत नाही, झिणझिण्या येतात. नवा एसएमपीएस आणलात तरी हेच होणार, कारण हाच फिल्टर त्यातही आहे. दुकानदाराला हे माहीत नसेल तर वाईट, माहीत असून विकत असेल तर त्याहून वाईट.

"असतोच" म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगा. पीसी चालू असताना टीव्हीची एचडीएमआय वायर खुपसली की हाच करंट पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जाऊ शकतो. दुसरी गोष्ट जिवाची आहे. उद्या एसएमपीएसच्या आत इन्सुलेशन गेलं तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील. अर्थिंग नीट असेल तर एमसीबी (जादा करंट झाला की वीज तोडणारा स्विच) पडेल. नसेल तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत काहीच होणार नाही. हात लावणारा घरातला लहान मुलगाही असू शकतो, अनवाणी, ओल्या फरशीवर. रबर पायाखाली, पण दुसरा हात खिडकीच्या गजाला लागला तर?

आता सगळ्यात घातक जुगाड. काही वायरमन सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेत इवलासा तुकडा जोडतात. झिणझिण्या थांबतात, घरचे खूश, वायरमन पैसे घेऊन मोकळा. ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी सैल होईल, त्या दिवशी पूर्ण फेज पीसीतून फिरून कॅबिनेटवर येईल. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ही चोरी पकडू शकत नाही, तो सगळं ठीकच दाखवतो. घरात आरसीसीबी (करंट गळताना दिसला की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती अशा जोडणीवर वारंवार पडू शकते, आणि मग "ही सारखी पडते" म्हणून तीच काढून टाकतात!

तुम्ही काय करायचं? तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आज फेकून द्या. सॉकेट स्वतः उघडू नका. परवानाधारक वायरमन बोलवा, सॉकेट उघडून दाखवायला सांगा आणि अर्थ टेस्टरवर अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजून घ्या. नुसता पेचकस-टेस्टर टेकवून "आहे हो अर्थिंग" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. जुन्या वाड्यांत, चाळींत दोनच वायरी आलेल्या असतात. तिथे अर्थची वायर नव्याने ओढावी लागते. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला लेखी कळवा. सोसायटीत अर्थिंगचा खड्डा मीटर रूमपाशी असतो, तेव्हा सेक्रेटरींना गाठा. सोलापूरसारख्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होतं. त्यात पाणी घालायचं असतं हेच अनेक सोसायट्या विसरल्या आहेत. हे होईपर्यंत पीसी बंद ठेवा. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणायचा हा विषय नाही.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ४५० चा एसएमपीएस फुकट मिळाला. ग्राफिक्स कार्ड लावू का? (अमरावती)

लेबलवर ४५० पुढे वॅट लिहिलंय का बघा. बऱ्याचदा तो नुसता मॉडेलच्या नावातला आकडा असतो. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत १६ अँपिअर दिसतात, म्हणजे झाले १९२ वॅट. त्यातच प्रोसेसर, पंखे, सगळं आलं. कार्डला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात, ६ पिनांच्या प्लगमधून आणखी ७५, ८ पिनांच्या प्लगमधून १५०. तुमच्या कार्डला ८ पिनांचा प्लग आहे. लावू नका. प्रोसेसर आणि कार्डचं मॉडेल कळवा, मग किती वॅटचा घ्यायचा ते बोलू.

प्रश्न : रॅम लावताना स्टॅटिकसाठी मनगटाचा पट्टा घ्यावा का? (नागपूर)

असला तर उत्तम. नसला तर रॅम कडांना धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका आणि दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावा.

प्रश्न : २४ पिनांचा प्लग निघत नाही, पक्कडीने ओढू? (डोंबिवली)

पक्कड ठेवा. प्लगच्या एका अंगाला खिटी आहे, ती अंगठ्याने दाबून धरा आणि प्लग सरळ वर ओढा, वायरींना धरून नव्हे.