विजेचं दुखणं : पाइप कुठला टाकू?

प्रश्न : सहकारनगरला आमचं दोन मजली घर आहे. गच्चीवरच्या पंपाच्या वायरीचा पांढरा पीव्हीसी पाइप उन्हानं पिवळा पडून तडकला. वायरमन म्हणतो जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) टाका, दुकानदार म्हणतो फ्लेक्झिबल न्या, स्वस्तात होईल. कोणाचं ऐकू?

उत्तर : वायरमनचं. दुकानदाराचं ऐका ते पंपाजवळच्या शेवटच्या फूटभरापुरतं.

भिंतीच्या आत वर्षानुवर्षं टिकणारा पीव्हीसी पाइप उघड्यावर अतिनील किरणांनी ठिसूळ होतो. त्यावरून बोट फिरवून बघा, पांढरी भुकटी लागेल. शिवाय पीव्हीसी तापला की लांबतो. मे महिन्यात गच्चीवरचा पाइप पहाटेपेक्षा दुपारी तीसेक अंशांनी सहज जास्त तापतो, आणि तेवढ्यानं 10 मीटरचा पाइप जवळपास 2 सेंटिमीटर वाढतो. दोन्हीकडून जखडलेला असला की मधेच बाक घेतो आणि जोडावर ताण येतो. तुमचाही कपलरच्या जोडापाशीच तडकलाय ना? पैजेवर सांगतो.

जीआय म्हणून नळाचा पाइप मात्र उचलू नका. त्याच्या आतली शिवण वायरीचं इन्सुलेशन सोलते. पुण्यात विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत ‘इलेक्ट्रिकल कंड्युट’ (वायरीसाठीचा पाइप) म्हणूनच मागा आणि आयएस 9537 या भारतीय मानकाची छाप बघून घ्या. हॅकसॉनं कापल्यावर आतली कड ब्लेडसारखी धारदार राहते. ती कानशीनं घासून घ्यायची असते. हे काम स्वतः उभं राहून करून घ्या, नाहीतर होत नाही. पाइपाला अर्थिंग हवंच, आणि आतून हिरवी अर्थची वायर वेगळी. नाहीतर आत वायर सोलली की गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्याला झटका. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्या.

पाइप जमिनीवर लोळवू नका. कठड्याला स्पेसर सॅडलच्या पकडीवर, भिंतीपासून थोडा सुटा बसवा. पाणी आत जाणारच असं धरून चाला आणि सगळ्यात खालच्या बॉक्सच्या तळाला बारीक भोक ठेवा. पंप थरथरतो, म्हणून शेवटच्या फूटभरात पीव्हीसीचं आवरण असलेला धातूचा फ्लेक्झिबल पाइप, ग्लँड (तोंड घट्ट बंद करणारा जोड) लावून. त्याला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून पंपाच्या टर्मिनलपर्यंत पोचणार नाही.

प्रश्न : नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या भिंती दगडमातीच्या आहेत. झिरी (खाच) मारून कन्सील्ड, म्हणजे आत लपवलेलं वायरिंग होईल का?

उत्तर : होईल, पण करू नका. वरचा मजला त्याच भिंतींवर उभा आहे. आडवी झिरी म्हणजे त्यांच्या कमरेत घाव. खोल्यांमधून केसिंग पट्टी (भिंतीवरून वायरी झाकून नेणारी) फिरवा. तक्तपोशीवरून (लाकडी छतावरून) मात्र लोखंडी कंड्युटच न्या, कारण तिथे उंदीर पीव्हीसी कुरतडतात आणि खाली सगळं वाळलेलं सागवान असतं. पाहुणे भिंतीवरच्या पट्टीला नावं ठेवतील. ठेवू द्यात.

प्रश्न : मांजरी गावात घर बांधतोय. फाटकाचा दिवा आणि बोअरसाठी जमिनीखालून केबल न्यायची आहे. 25 मिमीचा पीव्हीसी पाइप उरलाय, तोच पुरू का?

उत्तर : उरलाय म्हणून पुरू नका. तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या ओढाताणीत चिकटवलेले जोड निखळतात. बाहेरून वळ्या आणि आतून गुळगुळीत असा दुपदरी एचडीपीई पाइप मिळतो, दुकानात डीडब्ल्यूसी म्हणतात. तो थोडा वाकून घेतो. पाऊण मीटर खोल चर, तळाला वाळू, पाइप, पुन्हा वाळू, वर विटा आणि धोक्याची पट्टी. आत घरातली साधी वायर नको, धातूचं कवच असलेली आर्मर्ड केबल घाला. जमिनीतला पाइप कोरडा राहत नाही.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात स्लॅब आहे. काँट्रॅक्टरनं 20 मिमीचे हलके पाइप आणलेत, वळणांना फ्लेक्झिबल लावतोय. चालेल?

उत्तर : नाही चालणार. त्यावरून माणसं चालतात, घमेली आपटतात, व्हायब्रेटर फिरतो. फ्लेक्झिबल तिथेच चेपतो. 25 मिमीचा मध्यम किंवा भारी पाइप घ्या, अंगावर एमएमएस किंवा एचएमएस छापलेलं असतं. वळण स्प्रिंग घालून काढायचं किंवा मोठा बेंड लावायचा, आणि दोन बॉक्सच्या मधे दोनपेक्षा जास्त काटकोन नकोत. पाइप खालच्या सळ्यांच्या वर बांधून घ्या. वायरींनी पोकळीचा 40 टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये. कोंबल्या तर तापतात आणि पुढे एखादी बदलायची म्हटली की हलत नाहीत. फॅनबॉक्समध्ये कागद कोंबा, पाइपांची तोंडं झाका. सेंटरिंग (स्लॅबखालचा फळ्यांचा आधार) निघालं की प्लास्टरच्या आधी प्रत्येक पाइपातून फिश वायर (वायरी ओढायची कडक तार) ओवून बघा. काँक्रीट पडताना वायरमन साइटवर हवाच. त्या दिवसाची हजेरी वेगळी मागितली तर घासाघीस न करता द्या.