बाइकचे चलान आणि ट्रकचे लायसन्स

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: अकरा वर्षांपासून एका ट्रान्सपोर्टमध्ये चौदा टायरी ट्रक चालवतो. माझ्या नावावर मोटारसायकल आहे. गेल्या आठ महिन्यांत तिच्यावर तीन ई-चलाने आली, दोन हेल्मेटची आणि एक सिग्नलचे. हेल्मेटचे पहिले चलान मी भरले. दुसऱ्याच्या वेळी गाडी धाकट्या भावाकडे होती, मी ट्रक घेऊन बाहेरगावी होतो. सिग्नलचे माझेच आहे, भरायचे राहिले. आता आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली आहे. शेठ म्हणतात, लायसन्स सस्पेंड झाले तर दुसरा ड्रायव्हर बघतो. बाइकमुळे हेवी लायसन्स जाऊ शकते का? नोटीस आल्यावर ट्रक चालवू का? उरलेली चलाने भरून मोकळा होऊ का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ती चूक मोबाइलवर दोन मिनिटांत होऊन जाते. हेल्मेटचे दुसरे चलान भरू नका. भरले की विषय संपला, असे बहुतेक चालक धरून चालतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते खरे राहिलेले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार तडजोड शुल्क (कोर्टात न जाता भरायची रक्कम) भरल्यावर खटला मिटतो, पण त्याच कलमाची परंतुके (मूळ नियमाला जोडलेल्या अटी) सांगतात की पुढे तसाच गुन्हा झाला तर हा आधीचा गुन्हा म्हणून मोजला जाईल, आणि कलम २०६(४) खालची लायसन्सवरची कारवाई शुल्क भरल्याने टळणार नाही. म्हणजे पैसे भरून दंड मिटतो, लायसन्सचा प्रश्न उभाच राहतो.

हेल्मेटचे कलम आहे १९४ड. त्यात हजार रुपये दंडासोबत तीन महिन्यांची अपात्रताही लिहिली आहे. कलम २०६(४) च्या यादीत अतिवेग (१८३), धोकादायक वाहन चालवणे (१८४), दारू (१८५), ट्रिपल सीट (१९४क) आणि हेल्मेट हे सगळे येतात. या कलमाखाली लायसन्स आरटीओकडे गेले, तर कलम १९(१अ) नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या किंवा नंतरच्या गुन्ह्याला थेट लायसन्स रद्द करण्याची तरतूद आहे. भावाचे चलान तुम्ही तुमच्या नावाने भरलेत, तर पहिल्या गुन्ह्याचे प्रकरण दुसऱ्या गुन्ह्यात नेण्याचे कागद तुम्हीच तयार करून द्याल. लोकअदालतीतही तेच. रक्कम कमी होईल, पण मिटेल ते तुमच्या नावावरचा गुन्हा म्हणूनच.

सिग्नलच्या चलानावर कोणते कलम लावले आहे ते आधी वाचा. सिग्नल तोडल्याबद्दल कधी कलम ११९ सह १७७ (सर्वसाधारण दंडाचे) लावतात, कधी १८४ (धोकादायक वाहन चालवणे). कलम १७७ हे २०६(४) च्या यादीत नाही. पहिल्या वेळी दंड पाचशे रुपयांपर्यंत, पुन्हा झाल्यास दीड हजारापर्यंत. तसे असेल तर ते भरून टाका, थकवून उपयोग नाही. १८४ असेल तर मात्र हात आखडा. तो गुन्हा लायसन्सवर येतो, आणि कोर्टात तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर शिक्षा दोन वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. ते चलान वकिलाला दाखवूनच पुढचे ठरवा.

आता मूळ प्रश्न. हेवीचे लायसन्स वेगळे आणि बाइकचे वेगळे, असे आपल्याकडे नसते. एका माणसाला एकच लायसन्स, आणि त्यावर मोटारसायकल, हलके वाहन, ट्रान्सपोर्ट असे वर्ग. त्यामुळे बाइकवरच्या चुकीची झळ ट्रकला बसू शकते, आणि आदेशात वर्गाचा उल्लेख नसला तर ती बसते. पण कलम १९ मध्ये परवाना अधिकाऱ्याला ‘सर्व किंवा कोणत्याही’ वर्गाच्या वाहनांसाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार आहे. एवढ्या शब्दांवर तुमची रोजीरोटी वाचू शकते. उत्तरात स्पष्ट लिहा: ‘कथित कृत्य दुचाकीवरचे आहे, मालवाहू वाहन चालवताना माझ्याविरुद्ध तक्रार नाही, म्हणून कारवाई करायचीच झाल्यास ती केवळ मोटारसायकल वर्गापुरती मर्यादित ठेवावी.’ कलम १९४ड मध्ये वर्गाची सवलत लिहिलेली नाही, म्हणून ही मागणी मान्य होईलच अशी खात्री देत नाही. पण लेखी मागितलेच नाही, तर अपिलातही हा मुद्दा पांगळा पडतो. आणि १९(१अ) मध्ये अधिकाऱ्याला चालकाला पूर्ण मोकळे सोडण्याचाही अधिकार आहे, तो पहिला मागा.

नोटिशीत कोणते कलम लिहिले आहे तेही तपासा. १९(१अ) ची कारवाई २०६(४) खाली जप्त करून पाठवलेल्या लायसन्सवर होते. तुमचे लायसन्स पोलिसांनी घेतलेलेच नाही, कॅमेऱ्याने चलान आले आहे. नोटिशीत तरी १९(१अ) असेल, तर ही हरकत पहिल्याच परिच्छेदात घ्या. कलम लिहिलेच नसेल, तर ते लेखी विचारा.

भावाच्या चलानाचा पुरावा तुमच्याकडे भक्कम असणार, ट्रक चालकाकडे तो इतरांपेक्षा जास्त असतो. चलानावर तारीख, वेळ आणि ठिकाण असते. त्या वेळची बिल्टी, माल भरल्याची पावती, कंपनीचा गेटपास (त्यावर बहुधा चालकाचे नाव आणि लायसन्स क्रमांक असतो), ट्रकचे फास्टॅग विवरण आणि जीपीएस नोंद शेठकडून घ्या. ही नोंद जुनी झाली की मिळणे अवघड होते, म्हणून याच आठवड्यात. फोटोत चालकाचा चेहरा दिसत असेल तर तोही जोडा. मग चलानाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि त्याची प्रत वाहतूक शाखेला देऊन आवक शिक्का घ्या. गाडी कोण चालवत होते ते सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर आहे, त्यामुळे भावाचे नाव द्यावे लागेल आणि त्याच्या लायसन्सवर कारवाई येऊ शकते. ते त्याला आधी सांगा. पण पहिल्या चलानाला किंवा सिग्नलच्या चलानाला भावाचे नाव लावू नका. एक खोटे उघडे पडले की खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सुनावणीला स्वतः जा. मूळ लायसन्स, अकरा वर्षांत अपघात नसल्याचे शेठचे पत्र आणि वरचे सगळे कागद दोन प्रतींत न्या. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अपील दाखल केल्याने आदेश आपोआप थांबत नाही, त्यासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज द्या.

ट्रक चालवायचा का? नुसत्या नोटिशीने लायसन्स थांबत नाही. आदेश हाती पडेपर्यंत चालवू शकता. मात्र यापुढे पोलिसांनी २०६(४) खाली लायसन्स घेतले, तर मिळालेल्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. बाकीच्या जप्तीच्या पावतीवर चालवता येते, म्हणून इथेच चालक फसतात. आदेश झाल्यावर चालवलेत तर कलम १८२ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी अपात्रतेचा बचाव घेते आणि लाखोंची भरपाई शेठकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मिळतो. शेठवर स्वतंत्रपणे कलम १८० (लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणे) लागते.

म्हणून त्या काळात तुम्हाला स्टिअरिंग न देणे ही शेठची चूक नाही, ते त्यांच्यावर बंधनच आहे. कामावरून काढणे ही वेगळी गोष्ट. नोटीस लपवू नका, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारखेवरून परिवहनच्या संकेतस्थळावर त्यांना स्थिती दिसतेच. आदेश आलाच तर तीन महिने गोदाम, लोडिंग किंवा डिस्पॅचचे काम, नाहीतर बिनपगारी रजा, असा लेखी अर्ज द्या. ‘राजीनामा लिहून दे, नंतर परत घेतो’ असे कोणी म्हणाले तर कृपा करून सही करू नका. राजीनाम्याने सलग सेवा तुटते आणि ग्रॅच्युइटी, छाटणीची भरपाई यांचा हिशेब नव्याने सुरू होतो. गैरवर्तनाचे कारण देऊन काढायचे असेल तर आरोपपत्र आणि चौकशी हवी. छाटणी असेल तर एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. काढलेच तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा, आणि त्यासाठी पगाराच्या नोंदी, पीएफचे पासबुक आणि ट्रिप शीट आतापासून जपून ठेवा.

निलंबन झाले तर मुदत संपली म्हणून लायसन्स हातात येत नाही. रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच ते परत मिळते. तो कोर्स कुठे होतो ते आदेश आल्याच्या आठवड्यातच आरटीओत विचारून नाव नोंदवा, नाहीतर तीन महिन्यांचे चार होतात. लायसन्स हातात आल्यावरही परिवहनच्या संकेतस्थळावर स्थिती पुन्हा चालू दिसते का ते पाहा, त्याचा प्रिंट शेठला द्या, आणि मगच ट्रकवर चढा.